पूजेत मांडलेल्या दोन फ्लॉप्या

आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत कोणतेही यंत्र मला विचारल्याशिवाय येत नाही, अशी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत माझी समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. कुणाला टेपरेकॉर्डर घ्यायचा असला की मला बरोबर नेत. मी दुकानात कॅसेट लावून मान तिरकी करून ऐके, आणि दुकानदाराच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणे, "मोटर आवाज करतीया, दुसरा पीस काढा." फ्रिज भिंतीपासून किती अंतरावर ठेवावा, टीव्हीच्या अँटेनाचे तोंड कुठे करावे, मिक्सर सलग किती वेळ फिरवावा, या साऱ्यावर माझी मते ठाम होती. एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षे बसून मी ती मिळवली होती, आणि जी मिळवली नव्हती ती तितक्याच ठामपणे सांगत होतो. सल्ल्याबद्दल चहा मिळे. पण मी जात असे तो चहाबरोबर मिळणाऱ्या एका वाक्यासाठी. घरमालक शेजाऱ्याला सांगे, "ह्या विलासला इचारल्याबिगार आमी कायबी घेत न्हाय." ते वाक्य ऐकताना मी नजर खाली घालून कपातल्या सायीकडे बघत असे. आज वाटते, त्या नम्रतेत खरेपण फार थोडे होते.

मला कधीही काहीही न विचारणारा माणूस घरातच होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, पेठेतल्याच एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, ओळींचे पान करायचे, छापून झाले की पान सोडून प्रत्येक अक्षर पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, हे काम त्यांनी अठराव्या वर्षापासून केले होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटे राखाडी झाली होती आणि साबणाने ती उजळत नसत. उलटे आणि उलट्या बाजूने लिहिलेले ते आपण सुलटे वाचतो तसे वाचत. मागच्या बोळातल्या छापखान्यातून छपाईच्या ट्रेडल मशीनचा ठेका दिवसभर घरात ऐकू येई, आणि तो थांबला की आई आमटीला फोडणी घाली, कारण पाच मिनिटांत आप्पा दारात येत. टॉर्चचे सेलसुद्धा ते स्वतःच आणत. मला कमी लेखत होते असे नव्हे. त्यांच्या आयुष्यात सल्ला घ्यावा असे यंत्रच नव्हते. मी मात्र वाट पाहत होतो. केव्हातरी आप्पा म्हणतील, विलास, तुझं मत काय, आणि मी सावकाश, विचार करून उत्तर देईन, असे चित्र मी मनाशी किती वेळा रंगवले होते.

अशा वेळी शशी आमच्याकडे राहायला आला. शशिकांत हा पेठ वडगावच्या माझ्या आत्याचा मुलगा, माझ्याहून दीड वर्षाने मोठा. पुण्यात कॉम्प्युटरचे शिक्षण घेऊन तो कोल्हापुरात नव्याने निघालेल्या एका क्लासमध्ये शिकवू लागला होता. सुताराच्या हाताखाली शिकलेल्या पोरासारखा साधा, हळू बोलणारा आणि जेवताना मान वर न करणारा मुलगा. पण त्याच्या पिशवीत जाड इंग्रजी पुस्तके होती, आणि ती आमच्या फळीवर लागली त्या दिवसापासून गल्लीचा ओघ बदलला. त्या काळी कॉम्प्युटरविषयी प्रत्येकाचे काही ना काही मत होते. त्याच्या खोलीत चपला काढून जावे लागते, त्याला गारवा लागतो, माणसापेक्षा त्याची बडदास्त जास्त, तो आला की बँकेतली निम्मी माणसे घरी बसणार. आईने शशीला विचारले की, खोलीत जाताना पायही धुवावे लागतात का. तो हसला नाही. म्हणाला, "न्हाय मामी, धूळ आत जाऊ नये एवढंच. देवाधर्माचं काय न्हाय त्यात." ज्याचे उत्तर ठाऊक नसे त्याला तो सरळ म्हणे, "मला म्हाईत न्हाय, बघून सांगतो," आणि दोन दिवसांनी खरोखरच बघून सांगे. हे वाक्य माझ्या तोंडून आजवर कधी निघाले नव्हते. ते बोलूनही माणसाचे वजन वाढते, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहत होतो आणि मला ते सहन होत नव्हते.

मत्सर मोठ्या प्रसंगाने येत नाही. निदान माझ्याकडे तरी तो लहान लहान वस्तूंतून आला. तव्यावरची पहिली फुगलेली भाकरी, जी आजवर माझ्या ताटात पडे, ती आई शशीच्या ताटात टाकू लागली, पाव्हण्याचे पोर म्हणून. समोरचे सूर्यवंशी काका रंगीत टीव्ही घ्यायला निघाले आणि आमच्या दारातून हाक आली ती शशीच्या नावाने. तो टीव्हीतले काही जाणत नव्हता. त्याने ते सांगितलेही, "काका, त्यातलं विलासला जास्त कळतंय." काकांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मग त्योबी येऊ दे की संगं." त्या 'बी'ने मी आठ दिवस जळत होतो. शशीचा चांगुलपणा मला त्याच्या विद्येहून अधिक बोचे. तो उर्मट असता तर माझे काम सोपे झाले असते.

एका संध्याकाळी जेवताना आप्पांनी छापखान्याची बातमी सांगितली. मालक आदगोंडा अण्णा दसऱ्याच्या मुहूर्तावर कॉम्प्युटर आणणार होते. खिळ्यांची छपाई आता फार दिवस चालणार नव्हती. अण्णा सरळ माणूस. त्यांनी आप्पांना सांगितले होते की, तुम्ही दसऱ्यापर्यंत शिकून एक काम एकट्याने करून दाखवलेत तर खुर्ची तुमची. नाही जमले तर क्लासमधून शिकलेले कुणीतरी ठेवावे लागेल. सांगून झाल्यावर आप्पा काही वेळ ताटातली कांदा-लसूण चटणी बोटाने एका जागी गोळा करीत राहिले. आमच्या पंगतीत मी मधे होतो. आप्पा माझ्या ताटावरून पुढे वाकले आणि पलीकडे बसलेल्या शशीला म्हणाले, "शशी, माझ्या वयाला जमंल काय रं ते?"

शशी म्हणाला, "मामा, तुमाला अक्षरं कळत्यात. मशीन काय, म्हयन्यात कळंल."

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि सावकाश ओतत राहिलो. आप्पांचा आयुष्यातला पहिला असा प्रश्न माझ्या ताटावरून गेला होता.

त्यानंतर आप्पा छापखान्यातून सुटले की रॉकेलने, मग साबणाने हात धूत आणि शशीच्या क्लासला जात. एकदा मी काही निमित्ताने तिथे गेलो आणि काचेच्या दारातून पाहिले. कॉलेजच्या पोरापोरींच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर पांढरी टोपी घातलेले आप्पा ताठ बसले होते आणि एका बोटाने एकेक कळ दाबीत होते, खणातून खिळा उचलावा तशी. प्रत्येक कळीनंतर पडद्याकडे बघत. घरी येऊन त्यांनी जे पहिले कौतुक सांगितले ते फक्त कंपोझिटरलाच सुचावे असे होते. "आगं, त्यात 'च' संपतच न्हाईत की," ते आईला म्हणाले. खिळ्यांच्या कामात 'च' आणि 'ला' नेहमी अपुरे पडत, आणि मग एक पान छापून सोडल्याशिवाय दुसरे जुळवता येत नसे. इथे हवे तितके 'च'. त्यांना अक्षरांच्या या सुबत्तेचा इतका आनंद झाला होता की ते पुन्हा पुन्हा हसत होते. मी कोपऱ्यातून म्हणालो की, वीज गेली म्हणजे सगळेच 'च' जातील. आप्पांना त्यातला टोमणा कळलाच नाही. "व्हय की, शशीबी त्येच सांगतोय. म्हणून घडीघडीला साठवून ठेवायचं," असे म्हणून त्यांनी माझा टोमणाही शशीच्या खाती जमा केला.

दाखवण्यासाठी त्यांनी काम निवडले ते पेठेतल्या तालमीच्या स्मरणिकेचे. बत्तीस पाने. तालमीच्या फुटबॉल संघातल्या जुन्या खेळाडूंची नावे, कुणी कोणत्या सामन्यात गोल केला, कुणाचा पाय कुठे मोडला, अशा आठवणी. महिनाभर खपून आप्पांनी ती एकट्याने केली. शशीने मुद्दाम कळीला हात लावला नाही. क्लासच्या मशीनवर पोरे काहीही पुसून टाकीत, म्हणून सारे काम दोन फ्लॉप्यांवर होते. आजच्या वाचकासाठी सांगतो: फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, वहीच्या पुठ्ठ्यासारखी लवणारी वस्तू, जिच्यावर कॉम्प्युटरचे काम साठवीत आणि जी कागदी पाकिटात ठेवीत. नवरात्रात क्लासला सुट्टी लागली तेव्हा शशीने त्या आप्पांच्या हातात दिल्या आणि बजावले की वाकवायच्या नाहीत, उन्हात ठेवायच्या नाहीत, पाणी-कुंकू लागू द्यायचे नाही आणि लोहचुंबकाजवळ न्यायच्या नाहीत, नाहीतर आतले सारे पुसले जाते. दुसरी प्रत सुट्टीनंतर काढू, असेही तो म्हणाला. मग तो सणाला वडगावला गेला.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सारी हत्यारे धुऊनपुसून पाटावर मांडतात. त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुले, पुरणपोळीचा नैवेद्य. त्या दिवशी कोणतेही हत्यार चालवायचे नाही, आणि पूजेत बसवलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत जागची हलवायची नाही, हा आईचा कडक नियम. त्या वर्षी पाटावर आप्पांची जुळणीची पितळी पट्टी आणि चिमटा होता, आईची विळी आणि कात्री होती, आणि माझी पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंगची कांडी. त्यातच माझी एक वस्तू होती: जळालेल्या मोठ्या लाउडस्पीकरमधून काढलेली बशीएवढी काळी गोल चकती. तिच्यावर स्क्रू-ड्रायव्हर घासला की बारीक स्क्रू त्याच्या टोकाला चिकटत. पाहणाऱ्याला ती नुसता घडीव काळा दगड वाटे. ते लोहचुंबक आहे हे घरात माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

मी आंघोळ करून आलो तेव्हा मांडामांड झाली होती. आप्पांनी आपले नवे हत्यारही पूजेला बसवले होते. शशीने पाणी-कुंकू लागू देऊ नका म्हटले होते, म्हणून त्यांनी दोन्ही फ्लॉप्या पाटापासून उंच राहाव्यात अशी बैठक शोधली होती. ती बैठक म्हणजे माझी काळी चकती. तिच्यावर फ्लॉप्या नीट एकावर एक, वर झेंडूचे एकच कोरडे फूल. आप्पा हात जोडून उभे होते आणि चेहरा असा उजळला होता की तसा तो मी पुन्हा कधी पाहिला नाही.

मला एका क्षणात सारे कळले. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो, कारण पुढे अनेक वर्षे मी स्वतःला उलट सांगत आलो. मला वेळेवर कळले होते. "आप्पा, त्या तिथनं उचला" एवढे म्हणणे पुरे होते. त्यांनी त्या लगेच उचलल्या असत्या, कदाचित मला म्हणालेही असते की, बरं झालं सांगितलंस. ज्या वाक्यासाठी मी आयुष्यभर थांबलो होतो ते त्या पाटावर माझी वाट पाहत होते. पण माझ्या मनात त्या वेळी आप्पा नव्हतेच. मनात शशी होता. उद्या छापखान्यात त्याच्या शिष्याचे कौतुक होणार, अण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवणार, हे दिसत होते. मी आईच्या नियमाचा आडोसा घेतला. पूजेतले हलवायचे नाही. मी नमस्कार केला, पुरणपोळीवर तूप वाढून घेतले आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दसऱ्याला छापखान्यात नव्या मशीनला झेंडूचा हार घातला होता. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. शशी सकाळच्या एसटीने वडगावहून आला होता. अण्णांनी आप्पांना खुर्चीत बसवले. आप्पांनी पाकिटातून फ्लॉपी काढली, कडेला धरून, शशीने शिकवले होते तशी, आणि आत सरकवली. मशीन आतून कण्हल्यासारखे करकरले आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, फ्लॉपी वाचता येत नाही अशी. आप्पांनी शशीकडे पाहिले. पुन्हा तेच. दुसरी फ्लॉपी, तीच करकर, तीच ओळ. शशी खाली बसून बराच वेळ प्रयत्न करीत राहिला. शेवटी तो उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "अण्णा, चूक माझी हाय. दुसरी कॉपी आदीच काढाय पायजे हुती. मामांनी काम केलतं. मी बघितलंय."

अण्णा म्हणाले, होतं असं, आठ दिवस घ्या आणि पुन्हा करा, खुर्ची कुठे पळून जात नाही. माझ्या छातीवरचे ओझे त्या वाक्याने एकदम उतरले. पण आप्पा खुर्चीतून उठले होते. त्यांनी दोन्ही तळहात धोतराला पुसले, जणू ते ओले होते, आणि म्हणाले, "न्हाय अण्णा. माझ्या हातनं काय तरी उलटं झालं असणार. हे आपलं काम न्हवं."

शशीने त्यांना खूप समजावले. आप्पांनी त्याला एका शब्दाने दुखावले नाही आणि क्लासला पुन्हा पाऊल टाकले नाही. स्मरणिका त्यांनी खिळ्यांनी जुळवली, 'च' पुरवून पुरवून. खुर्चीवर क्लासमधली एक मुलगी आली. खिळे पुढे वितळवायला गेले, आणि आप्पा निवृत्तीपर्यंत त्याच छापखान्यात पाने दुमडून खळ लावीत बसले. शशी वर्षभराने पुण्याला गेला, तिथून परदेशी. गल्ली पुन्हा माझी झाली. मी हवी होती ती गादी मिळवली आणि त्या गादीवर आज तीस वर्षांहून अधिक काळ बसून आहे. माझे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. कसबा बावड्यापासून लोक फोन करून विचारतात, कोणता मोबाईल घेऊ, किती जीबीचा, चार्जिंगला लावून ठेवला तर चालतो का. मी सर्वांना आधी एकच सांगतो की, जे जपायचे ते दोन ठिकाणी ठेवा. लोकांना वाटते, अनुभवी माणूस आहे.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आप्पा ब्याऐंशीचे आहेत. आई जाऊन सहा वर्षे झाली. मी त्यांना नवा फोन आणला आणि दुपारी शेजारी बसून, चित्रावर बोट ठेवले की समोरचा माणूस दिसतो, हे शिकवू लागलो. त्यांनी हात मागे घेतला. घरातल्या कोणत्याही कळीला ते हात लावत नाहीत. टीव्हीसुद्धा नातीने लावून द्यावा लागतो. आम्ही त्याला म्हातारपणाचा हट्ट समजत आलो होतो. ते म्हणाले, "नको रं. माझ्या हातात आलं की बिघडतंय. तुला ठाव न्हाय, मागं एकदा शशीची मान मी अख्ख्या छापखान्यापुढं खाली घातली."

मी फोन बाजूला ठेवला आणि सारे सांगितले. काळी चकती काय होती, ती मी कधी पाहिली, मला केव्हा कळले, मी का बोललो नाही. मत्सर हा शब्दही उच्चारला. मी शिव्या खायची तयारी करून बसलो होतो. खरे सांगायचे तर त्या मिळाव्यात अशी इच्छा धरून बसलो होतो. आप्पा भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी विचारले, "म्हंजे काम बरूबर झालतं?"

"व्हय आप्पा."

"बत्तीसच्या बत्तीस पानं हुती आत?"

"हुती."

ते काहीतरी मनाशी जुळवीत राहिले, ओठ हलत होते. मला वाटले, आता विचारतील, का केलंस. त्यांनी ते विचारले नाही, आजपर्यंत विचारलेले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटले ते माझ्यासाठी नव्हते. "मला येत हुतं म्हण की," ते म्हणाले, आणि मग घाईने, लहान मुलासारखे, माझा दंड धरून, "शशीला लाव फोन. आदी त्याला सांगू दे."

मी फोन लावला. पलीकडे शशीचा पिकलेल्या केसांचा चेहरा आला आणि आप्पा माझ्या खांद्यावरून पुढे वाकून त्याच्याशी बोलू लागले. मी दोघांच्या मधे फोन धरून बसलो होतो. इतक्या वर्षांनी, सारे कबूल केल्यानंतर, त्या क्षणीही माझ्या छातीत तेच जुने टोचले.